स्वयंपाकघर व साठवण, लहान घरातील : सातारा-सांगली

अन्न शिजवण्याची जागा, तिची मांडणी आणि तिच्यात बसवायच्या धान्य-किराण्याचे नियोजन. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या नियोजनाची सुरुवात शेगडीपासून न करता वर्षाच्या धान्यापासून करावी लागते. उन्हाळ्यात शाळू आणि गहू भरायचे, डंकावर चटणी कुटून आणायची, कुरडया, सांडगे, शेवया वाळवून डबे भरायचे, ही रीत येथील पुष्कळ घरांत अजून चालू आहे. घरे मात्र दोन-तीन खोल्यांवर आली. नकाशा काढताना ओट्याची लांबी ठरते, फरशीचा रंग ठरतो आणि चार-पाच क्विंटल धान्य कुठे जाणार हे कोणी विचारत नाही. मग कोठी पलंगाच्या पायथ्याशी येते, पोती जिन्याखाली जातात, आणि त्यांची पहिली झळ घरातल्या बाईला बसते, कारण दळणासाठी दर आठवड्याला ती पोती तिलाच हलवावी लागतात.

जुनी व्यवस्था : या भागातील शेतकऱ्याच्या घरात पुढे सोपा, मध्ये माजघर, त्यामागे चुलीची खोली आणि शेवटी परडे असा क्रम असे. धान्य माजघरात, म्हणजे घराच्या सर्वांत कोरड्या आणि अंधाऱ्या भागात राही. वाड्यांत भिंतीत बांधलेली बळदे असत, साध्या घरांत शेणामातीने लिंपलेल्या बांबूच्या कणग्या. चुलीच्या खोलीत रोजचे तेवढेच ठेवीत : कोनाड्यात मीठ-तिखट, फडताळात लोणच्याच्या बरण्या, मांडणीवर तांब्या-पितळेची भांडी, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आढ्याला दह्यादुधाचे शिंके. पाण्याचे हंडे दाराजवळच्या घडवंचीवर आणि मोरी बाहेरच्या भिंतीला. ओल, धूर आणि धान्य या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवण्याची ही फार विचारपूर्वक केलेली मांडणी होती. आजच्या लहान स्वयंपाकघरातील बहुतेक अडचणी या तिन्ही एकाच खोलीत आल्यामुळे निर्माण होतात.

सांगलीत साठवणीची आणखी एक परंपरा होती, ती बाजाराची. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद ठेवीत. पेवाचे तोंड अरुंद, पोट मोठे; तोंड बंद केले की आतला प्राणवायू जवळजवळ संपतो आणि कीड जगत नाही. त्यामुळे हळद अनेक वर्षे टिकत असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण आत साचलेल्या वायूने माणूस गुदमरतो. २००५ च्या महापुरात पेवांचे मोठे नुकसान झाले आणि व्यापार गोदामांकडे वळला. हवाबंद आणि कोरडे, एवढे दोन नियम पाळले तर औषधाविना धान्य टिकते, हे पेवाचे तत्त्व घरातल्या पत्र्याच्या कोठीलाही तसेच लागू पडते.

ओटा आणि उभ्याने स्वयंपाक : गॅसच्या शेगडीबरोबर घरोघर ओटा आला. प्रथम कडप्पा, पुढे ग्रॅनाइट. त्याच सुमारास स्टीलच्या डब्यांनी पितळेची भांडी मागे सारली. काचेच्या वस्तूंची ओळख या भागाला त्याआधीच झाली होती. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये काच कारखाना सुरू झाला आणि त्याचे प्रभाकर कंदील सर्वत्र पोहोचले. सांगलीच्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप घराघरात रूढ केले. साठवणीलाही त्याचा उपयोग आहे : तांदळाच्या, डाळीच्या, रव्याच्या डब्यात ज्याची त्याची वाटी कायमची ठेवली की महिन्याचा खप किती, याचा हिशेब आपोआप कळत जातो.

युरोपात मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये आखलेले ‘फ्रँकफुर्ट किचन’ लहान स्वयंपाकघराचा आदर्श मानले जाते. १.९ मी. × ३.४ मी. जागेत तिने ओटा, सिंक आणि तांदळासारख्या जिनसांसाठी ॲल्युमिनियमचे खण बसवले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात शेगडी, सिंक आणि साठवण यांच्या त्रिकोणाचा नियम रूढ झाला. दोन्ही विचार मोलाचे आहेत. पण दोन्हींत माल दुकानातून थोडाथोडा आणणारे कुटुंब गृहीत धरलेले आहे. भिलवडी किंवा कोरेगावच्या घरात शेतातून थेट पोती येतात. ती कोणत्याही खणात मावत नाहीत.

साठ्याचा हिशेब : पाच माणसांच्या घरात ज्वारी, गहू व तांदूळ मिळून महिन्याला ४० किलो लागतात असे धरू. वर्षाचे झाले ४८० किलो. एक लिटर जागेत साधारण पाऊण किलो धान्य मावते, म्हणजे सुमारे ६४० लिटर जागा हवी. ६० सेंमी. व्यासाच्या आणि १.२ मी. उंचीच्या कोठीत अंदाजे अडीच क्विंटल बसते. अशा दोन कोठ्या लागतील आणि त्या ०.७२ चौ.मी. जमीन अडवतील. राष्ट्रीय इमारत संहितेने स्वयंपाकघराचे किमान क्षेत्रफळ ५ चौ.मी. आणि किमान रुंदी १.८ मी. सांगितली आहे. अशा खोलीचा सातवा हिस्सा नुसत्या कोठ्यांनी गेला. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ, स्वयंपाकाच्या जागेसह, २५ चौ.मी. आहे, तेथे तर हा हिशेब घर बांधण्याआधीच मांडला पाहिजे.

दुसरा मार्ग १५ किलो तेलाच्या रिकाम्या चौकोनी डब्यांचा. एका डब्यात साधारण १२ किलो धान्य मावते. डबा अंदाजे २४ सेंमी. रुंद असल्याने २.४ मी. लांबीच्या फळीवर दहा डबे राहतात आणि अशा चार फळ्यांवर वर्षाचे सर्व धान्य बसते. मांडणीची खोली ३० सेंमी. पुरते, पण प्रत्येक फळीवर १२० किलो भार येतो. तेव्हा भिंतीत ठोकलेल्या ब्रॅकेटवर विसंबू नये, अँगलची जमिनीवर उभी मांडणी करून घ्यावी. ज्यांना इतर डब्यांसाठीही जागा हवी त्यांनी सहा महिन्यांचे धान्य घरात आणि उरलेले शेतावर किंवा भावकीच्या मोठ्या घरात ठेवावे.

रेशनवर राहणाऱ्या कुटुंबाचा हिशेब वेगळा आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे पाच जणांना महिन्याला २५ किलो धान्य मिळते. त्याला दोन-तीन डबे पुरतात. मोठी कोठी घेऊन ती रिकामी ठेवण्यात जागा आणि पैसा दोन्ही वाया जातात.

मांडणी : १.८ मी. × २.८ मी. या खोलीत एका लांब भिंतीला ६० सेंमी. रुंद ओटा आणि समोरच्या भिंतीला ३० सेंमी. खोल मांडणी ठेवली तर मध्ये ९० सेंमी. वाट राहते. एकीला वाकून खालचा डबा काढता येतो, मागून दुसरी जाऊ शकते. इंग्रजी एल आकाराचा ओटा लहान खोलीत देखणा दिसतो खरा, पण त्याच्या कोपऱ्यातील खालची जागा हाताला येत नाही आणि झुरळांना मिळते.

येथील स्वयंपाकाचा कस भाकरीला लागतो. पीठ मळायला जोर लागतो, थापायला परात कमरेच्या बेताची हवी. सर्रास ८५ सेंमी. किंवा त्याहून उंच बांधलेल्या ओट्यावर ठेंगण्या बाईचे खांदे वर उचलले जातात, आणि रोज दहा-पंधरा भाकऱ्या करणारीला त्याचे दुखणे जडते. ओट्याचा दोन-अडीच फुटांचा तुकडा १० ते १२ सेंमी. खाली बांधणे हा सोपा उपाय आहे. गवंड्याला तो विचित्र वाटतो, तरी आग्रह धरावा. पिठाचा डबा, परात, पाण्याचे भांडे आणि तवा ही चारही एका जागी उभे राहून हाताला यावीत. ज्या घरांत परडे आहे तेथे भाकरीसाठी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी चूल बाहेर राखलेली दिसते. तव्यावरची भाकरी निखाऱ्यासमोर उभी करून फुगवायची सोय शेगडीवर नाही, आणि बाहेरच्या चुलीने आतली बरीच जागा मोकळी होते.

ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की कडवट होते, म्हणून दळण आठ-दहा दिवसांचेच करतात. कोठी, दळणाचा डबा, पिठाचा डबा हा फेरा दर आठवड्याला होतो. म्हणून दळणाचा डबा दाराकडच्या बाजूला, खालच्या फळीवर ठेवावा. माळ्यावर तो कधीही नको. माळ्यावर जाऊ शकतात ती सणावाराची पातेली, पाहुण्यांची ताटे, लग्नकार्यातले मोठे पिंप. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत माळा फार तापतो. तेथे तेल खवट होते, गूळ पाझरतो, चटणीचा रंग आणि वास उतरतो. कांदा-लसणाची चटणी चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत दाबून, वर हिंगाचे खडे ठेवून, तोंडाला दादरा बांधून खालच्या अंधाऱ्या खणात ठेवण्याची जुनी पद्धत आजही सर्वांत चांगली आहे.

गॅसचा सिलिंडर ओट्याखाली दाराआड ठेवायचा असेल तर दाराला अगदी तळाशी छिद्रे हवीत, कारण हा वायू हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. शेगडी नेमकी खिडकीखाली न ठेवता जरा बाजूला घ्यावी. वाऱ्याने ज्योत विझते आणि वायू येतच राहतो.

कीड : धान्य कडक उन्हात वाळवून पूर्ण थंड झाल्यावरच भरावे. ओलावा जितका कमी तितके सोंडे आणि टोके कमी वाढतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, तूरडाळीला तेलाचा हात लावावा. बाजारात मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही आणू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू माणसाचा जीव घेतो. एक-दोन खोल्यांच्या घरात माणसे धान्याच्या शेजारीच झोपतात, त्यामुळे धोका कैक पटींनी वाढतो. पाऱ्याच्या गोळ्यांपासूनही दूर राहावे.

स्थानपरत्वे भेद : दोन जिल्ह्यांत पाण्याचे स्वरूप इतके बदलते की एकच आराखडा सगळीकडे चालत नाही. महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या डोंगरात पावसाळ्यात भिंतीच पाझरतात. महाबळेश्वरला घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधतात. तेथे मांडणी बाहेरच्या भिंतीला न लावता आतल्या भिंतीला, तीही चार बोटे सोडून लावावी. मीठ, साखर, गूळ घट्ट झाकणाच्या बरणीत हवेत. नाचणी मात्र तेथेही वर्षानुवर्षे टिकते. पाटण तालुक्यात दुसरी काळजी भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने माणसे झोपेत असतानाच घरे कोसळवली, आणि लहान धक्के पुढेही जाणवत राहिले. उंच मांडणी वरच्या टोकाला भिंतीशी जखडावी, जड बरण्या गुडघ्याच्या खाली ठेवाव्यात, फळीला पुढून एक पट्टी मारावी.

कृष्णाकाठी, म्हणजे सांगली शहराचा सखल भाग, हरिपूर, कसबे डिग्रज, भिलवडी, अंकलखोप या पट्ट्यात, पुराचा विचार आधी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांत ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांचे भरलेले धान्य कुजले. भरलेली अडीच क्विंटलची कोठी कोणालाही उचलता येत नाही. बारा किलोचा डबा एक माणूस जिन्यावरून गच्चीवर नेतो. म्हणून या पट्ट्यात कोठीपेक्षा डबेच घ्यावेत, आणि पावसाळ्याआधी खालच्या फळीवरचे डबे वरच्या मजल्यावर, तो नसेल तर उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवावेत. ओट्याखालचे कपाट प्लायवूडचे केले तर एका पुरात फुगून निकामी होते. कडप्प्याच्या उभ्या फळ्या टाकून केलेले खण धुऊन पुन्हा वापरता येतात. विजेची बटणे ओट्याच्या बरीच वर असावीत. सिलिंडर पाण्यावर तरंगतो, तेव्हा घर सोडताना रेग्युलेटर काढून, टोपण बसवून तो बांधून ठेवावा. पुरात भिजलेले धान्य वाळवून खाण्याचा मोह होतो. ते टाकून द्यावे.

माण, खटाव, आटपाडी, जत या पूर्वेच्या तालुक्यांत हवा कोरडी, धान्य चांगले टिकते, आणि माळवदी घरांचे सपाट छप्पर वाळवणाला सोयीचे पडते. तेथे जागा खाते ते पाणी. टेंभू आणि म्हैसाळ योजनांनी पुष्कळ शिवारात कृष्णेचे पाणी नेले, तरी नळाला रोज पाणी येईलच याची खात्री नसलेली गावे आहेत, आणि टंचाईत टँकर येतो. २०० लिटरचे भरलेले पिंप दोन क्विंटलांहून जड असते. ते ओट्यावर किंवा माळ्यावर चढवता येत नाही, आणि स्वयंपाकघरात ठेवले तर त्याच्या आसपासची जमीन सदा ओली राहून धान्याला घातक ठरते. दाराबाहेर, सावलीत, झाकणासह आणि तोटीसह दोन पिंपांची पक्की बैठक बांधावी. आत फक्त पिण्याचे पाणी घ्यावे, तेही मोरीकडच्या टोकाला, धान्याच्या मांडणीपासून सर्वांत दूर.