संरक्षक बिटाचा इतिहास : कुलूप आणि मजकूर

मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतीत प्रोग्रॅमाखेरीज काही मोजकी बिटे निराळी राखलेली असतात. घड्याळाची स्पंदने कोणत्या स्रोतापासून घ्यावयाची, वॉचडॉग टायमर चालू ठेवावयाचा किंवा नाही, या गोष्टी ती ठरवितात. त्यांस रचनाबिटे म्हणता येईल. त्यांच्याच पंक्तीत बसणारे संरक्षक बिट मात्र भिन्न प्रकृतीचे आहे. आतील मजकूर बाहेरच्या वाचकास द्यावयाचा की नाही, एवढाच निर्णय त्याच्याकडे असतो. हे कुलूप कशाच्या बळावर टिकते, या एकाच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

इंटेलच्या ८०५१ कुळाचा आरंभ १९८० मधील. त्या कुळातील ८७५१एच या चिपमध्ये ४,०९६ बाइटांची ईप्रॉम स्मृती होती. सुरक्षाबिट एकदा लिहिले की बाहेरून वाचन बंद होई. ते उघडण्याचा विहित मार्ग एकच : खिडकीतून जंबुपार (अतिनील) किरण सोडून सर्व स्मृती पुसून टाकणे. कुलूप निघे, परंतु त्याबरोबर मजकूरही जाई. संरक्षणाचे सारे मर्म या सहनाशात आहे.

ॲटमेलच्या एव्हीआर चिपांत हेच तत्त्व क्रमाच्या रूपाने मांडलेले आढळते. तेथे पुसण्याची आज्ञा दिली असता प्रोग्रॅमस्मृती पूर्ण रिकामी झाल्याखेरीज कुलूपबिटे पूर्ववत होत नाहीत. रचनाबिटांस त्या आज्ञेचा स्पर्शही होत नाही. या बिटांस 'फ्यूज' हे नाव पडले ते जुन्या प्रॉम स्मृतींवरून. तेथे धातूची सूक्ष्म तार खरोखरच वितळत असे आणि ती पुन्हा जोडता येत नसे. नव्या चिपांत तार उरली नाही. तिच्या जागी अडकवून ठेवलेला विद्युत्भार आला. नाव मात्र तेच राहिले, आणि त्याबरोबर अपरिवर्तनीयतेचा आभासही.

हा आभास फार काळ टिकला नाही. रॉस अँडरसन व मार्कस कून यांनी १९९६ मध्ये ओकलंड येथे सादर केलेल्या निबंधात मायक्रोचिपच्या पीआयसी१६सी८४ या चिपचे उदाहरण दिले आहे. सुरक्षाबिटावर वारंवार लेखन करीत असता पुरवठ्याचा विद्युत्-दाब प्रोग्रॅम-लेखनाच्या उच्च दाबाहून केवळ अर्धा व्होल्ट कमी इतका चढविला, तर पुष्कळदा ते बिट पुसले जाई व उर्वरित स्मृती शाबूत राही. ईप्रॉम चिपांतही सुरक्षाबिट स्मृतीपासून दूर असेल तर जंबुपार किरण केवळ त्याच्यावर रोखता येत. दोन्ही ठिकाणी आघात एकाच मर्मावर होता : कुलूप आणि मजकूर यांचा नाश परस्परांपासून विलग करणे.

यावरून इतिहासाच्या अभ्यासकाने एक बोध घ्यावा. ज्या यंत्राचा मूळ प्रोग्रॅम हरवला आहे, त्याच्या मालकासही स्वतःच्या चिपमधून तो विहित मार्गाने परत मिळत नाही. आणि विद्युत्भार चिरंतन नसतो. एटीमेगा८ या चिपच्या माहितीपत्रकात स्मृती टिकण्याचा काळ २५ अंश सेल्सियसला १०० वर्षे व ८५ अंशांस २० वर्षे असा दिला आहे. ताम्रपट झिजला तरी तोवर कोणासही वाचता येतो. कुलूपबंद चिपमधील मजकूर मात्र एकदाही न वाचला जाता लोप पावू शकतो. म्हणून यंत्र जतन करणाऱ्या संस्थेने चिपबरोबर तिचा मूळ प्रोग्रॅम आणि रचनाबिटांची नोंदही मागून घ्यावी. कुलूप लावतानाच मूळ प्रोग्रॅमाची नोंद झाली नाही, तर पुढे ती चिपमधून करावयास विहित साधन उरत नाही.