गुलाम, कप्तान आणि लोकप्रतिनिधी : रॉबर्ट स्मॉल्स

निवडणूक आली की आम्हा शिक्षकांना खडू खाली ठेवून मतदान केंद्रावर हजर व्हावे लागते. ज्या वर्गात एरवी बाराखडी गिरवून घ्यायची, त्याच वर्गात त्या दिवशी मतदारांची रांग लागते. एखादी वृद्ध माउली सही येत नाही म्हणून ओशाळून अंगठा पुढे करते. पण चिन्ह ओळखून मत मात्र ठामपणे देऊन जाते. अशा वेळी एखादा सुशिक्षित गृहस्थ हमखास म्हणतो, "गुरुजी, अडाण्यांना मत कशाला हवे? आधी शिक्षण, मग मत!" ऐकायला हे वाक्य मोठे शहाणपणाचे वाटते. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत तर त्याचे स्वागतच व्हायचे. परंतु इतिहास काय सांगतो? त्याचे उत्तर देणारी एका माणसाची हकिकत आज आपल्यापुढे ठेवीत आहे. हा माणूस सैन्यात लढला, उद्योगधंद्यात शिरला आणि निवडणुकीलाही उभा राहिला. त्याचे नाव रॉबर्ट स्मॉल्स.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील ब्यूफर्ट गावी ५ एप्रिल १८३९ रोजी, मालकाच्या घरामागील खोपटात रॉबर्टचा जन्म झाला. आई गुलाम, म्हणून मूलही गुलाम. गुलामाला लिहावाचायला शिकविणे हा त्या राज्यात १८३४ च्या कायद्याने गुन्हा होता. शिकविणारा गोरा असेल तर दंड व कैद, काळा असेल तर फटके! बाराव्या वर्षी मालकाने त्याला चार्ल्सटन बंदरात मजुरीला धाडले. कमाई मालकाची, त्यातला आठवड्याला एक डॉलर पोराचा. हॉटेलात वाढपी, रस्त्यावर दिवे लावणारा, मग गोदीतला कामगार, असे करीत करीत तो जहाजाच्या सुकाणूवर पोचला. सतराव्या वर्षी लग्न झाले. बायको हॅना हीसुद्धा दुसऱ्याची गुलाम. तिला व मुलीला विकत घेण्यासाठी त्याने मालकाशी ८०० डॉलरचा सौदा ठरविला. गाठीला होते जेमतेम १००.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याने 'प्लँटर' नावाची आगबोट मालवाहतुकीसाठी घेतली होती आणि तिच्या सुकाणूवर स्मॉल्स होता. १३ मे १८६२ ची पहाट. गोरे अधिकारी रात्री बोट सोडून शहरात गेले होते. पहाटे तीनच्या सुमारास स्मॉल्सने आपल्या गुलाम सोबत्यांसह बोट हाकारली. ठरल्या जागी बायकापोरांना घेतले. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवून आणि त्याच्यासारखाच उभा राहून तो एकामागून एक किल्ल्यांच्या तोफांपुढून निघाला. प्रत्येक ठिकाणी शिटीचा नेमका इशारा दिला. फोर्ट सम्टर मागे पडताच दक्षिणेचे निशाण उतरवून त्याने पांढरी चादर फडकविली व तोफांसह बोट उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. तेवीस वर्षांच्या या तरुणाला अद्याप अक्षरओळखही नव्हती. पण खाडीतला प्रत्येक वळसा आणि प्रत्येक इशारा त्याला तोंडपाठ होता. अडाणी कोणाला म्हणावे, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उभा राहतो.

पुढे तो उत्तरेच्या बाजूने लढला. १ डिसेंबर १८६३ रोजी 'प्लँटर'वर तोफांचा भडिमार सुरू झाला, तेव्हा तिचा गोरा कप्तान कोळशाच्या कोठारात जाऊन लपला. स्मॉल्सने बोट सुखरूप बाहेर काढली, आणि कप्तानपद त्याला मिळाले. १८६४ साली बोट दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियास नेली असता, काळा म्हणून त्याला ट्रामगाडीत बसू दिले नाही. त्याच शहरातील मुक्कामात त्याने शिक्षक ठेवून लिहावाचायला शिकून घेतले. पंचविसाव्या वर्षी, युद्धातला कप्तान पाटीवर अक्षरे गिरवीत होता!

युद्ध संपले. बोट पळवून आणल्याबद्दल सरकारने दिलेल्या बक्षिसात त्याच्या वाट्याला १५०० डॉलर आले होते. हा पैसा त्याने उधळला नाही. करवसुलीच्या लिलावात त्याने ब्यूफर्टमधील घर विकत घेतले. कोणते घर? ज्याच्या मागच्या खोपटात तो जन्मला होता, तेच! जुन्या बाजूने दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि स्मॉल्स जिंकला. गावात त्याने भागीदारीत दुकान काढले, वर्तमानपत्र चालविले. १८७० साली चार्ल्सटनमध्ये धक्क्यावरचा माल वाहून नेणारी घोड्यांची रेल्वे कंपनी निघाली, तिच्या चालकांत तो होता. काल ज्यांची विक्री होत होती, ते आज कंपनीचे संचालक झाले होते.

पण स्मॉल्सचे सर्वांत मोठे कार्य बोटीवरचे नव्हे की दुकानातलेही नव्हे. १८६८ साली राज्याची नवी घटना लिहिण्यास परिषद भरली. तिथे त्याने मोफत व सक्तीच्या सार्वजनिक शाळांचा ठराव मांडला आणि त्या घटनेत सर्व मुलांसाठी सरकारी शाळांची तरतूद झाली. पुढे तो राज्याच्या विधिमंडळात व १८७५ पासून देशाच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला. त्याच सुमारास, १८७३ साली, आपल्या पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता, हे आपणास ठाऊकच आहे.

उमेदवारी मात्र सोपी नव्हती. १८७८ च्या प्रचारात गिलिसनव्हिल येथे विरोधी पक्षाच्या सशस्त्र 'लाल सदरे'वाल्यांनी त्याला एका दुकानात कोंडले, गोळ्या झाडल्या. भोवतालचे काळे शेतकरी हाती लागेल ते घेऊन धावले, म्हणून तो वाचला. ती निवडणूक तो हरला. त्याआधी १८७७ साली त्याच्यावर लाच घेतल्याचा खटला होऊन शिक्षाही झाली होती. १८७९ साली गव्हर्नरने माफी दिली. खटल्यामागे राजकीय सूड होता असे अनेक इतिहासकार मानतात. तथापि ही बाब लपवून केवळ गौरव करणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणारे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८८२ साली साउथ कॅरोलायनाने एक कायदा केला. मतदान केंद्रावर निरनिराळ्या पदांसाठी आठ वेगवेगळ्या पेट्या! पेटीवरचे नाव वाचून योग्य पेटीत चिठ्ठी टाकावी. चुकीच्या पेटीतले मत बाद. एखादा जाणकार पुढे जाऊन इतरांना पेट्यांचा क्रम सांगू लागला, तर पेट्यांची अदलाबदल करावी. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फटक्यांच्या धाकाने अक्षरांपासून दूर ठेवले, त्यांचीच आता अक्षरपरीक्षा! नेमक्या त्याच १८८२ साली जोतीराव हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी करीत होते. एका किनाऱ्यावर अक्षरांची भिंत उभी राहत होती, दुसऱ्यावर अक्षरांचे दार ठोठावले जात होते.

१८९५ साली पुन्हा घटना परिषद भरली. आता मतदाराने घटनेतील कलम वाचून दाखवावे किंवा समजावून सांगावे आणि ते पटले की नाही हे गोऱ्या अधिकाऱ्याने ठरवावे, असा घाट होता. १६० सभासदांत काळे अवघे सहा. त्यांत छपन्न वर्षांचा स्मॉल्स उभा राहिला व खंबीरपणे विरोधात बोलला. त्याचे लोक राज्यात बहुसंख्य होते. म्हणूनच तर ही परीक्षा होती. ठराव संमत झाला. स्मॉल्सने त्या घटनेवर सही करण्यास साफ नकार दिला. लिहायला शिकलेल्या त्या हाताने सही न करणे हेच त्याचे उत्तर होते!

पुढे ब्यूफर्ट बंदराचा जकात अधिकारी म्हणून त्याने अनेक वर्षे काम केले. फेब्रुवारी १९१५ मध्ये त्याच घरात तो वारला. १८९७ नंतर त्या राज्यातून पुढचा काळा प्रतिनिधी वॉशिंग्टनला जाण्यास १९९३ साल उजाडावे लागले. मध्यंतरी १९६५ च्या कायद्याने दक्षिणेतील अक्षरपरीक्षा बंद पाडली होती.

वाचकहो, आपल्याकडे १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा शंभरात जेमतेम अठरा लोक साक्षर होते. तेव्हाही केंद्रावर अनेक पेट्या होत्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी. पण त्यांवर चिन्हे चिकटवलेली होती, निरक्षराला वाट सापडावी म्हणून. तिथल्या पेट्या माणसाला चुकविण्यासाठी होत्या, इथल्या त्याला पोचविण्यासाठी. फरक पेटीत नव्हता. ती मांडणाऱ्याच्या मनात होता.

तेव्हा "आधी शिक्षण, मग मत" म्हणणाऱ्या गृहस्थांना मी आता एवढेच विचारतो: परीक्षा घेणारे कोण, आणि शाळा कोणाच्या ताब्यात? मत होते म्हणून स्मॉल्सच्या लोकांना शाळा मिळाली. मत गेले तेव्हा त्यांच्या मुलांच्या शाळाही कंगाल राहिल्या. शिक्षण ही मताची अट नव्हे, मताचे फळ आहे. अंगठा देणाऱ्या माउलीपुढे आपण ओशाळायला हवे. कारण तिला अक्षर देण्याचे काम आपले होते. ते तिच्या नातवंडांच्या बाबतीत तरी राहू नये, एवढी जबाबदारी आपण सर्वांनी घेऊ या.