ओइवा ते कुचिसाके-ओन्ना : जपानी भूतकथेतील सूडाचे बदलते रूप

जपानी भूतकथांकडे बहुधा लोकरंजनाचे साहित्य म्हणूनच पाहिले जाते. तथापि कथेतील भूत नेमके कोणावर रागावले आहे, हा प्रश्न विचारला की तीच कथा सामाजिक इतिहासाचे साधन ठरते. प्रस्तुत लेखात विद्रूप चेहऱ्याच्या दोन स्त्रियांचा या दृष्टीने विचार केला आहे.

पहिली ओइवा. चौथा त्सुरुया नाम्बोकु याचे ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ हे काबुकी नाटक १८२५ साली एदो (आजचे टोकियो) येथील नाकामुरा-झा नाट्यगृहात प्रथम सादर झाले. स्वामिनिष्ठेचा गौरव करणाऱ्या ‘चुशिंगुरा’ नाटकाशी गुंफून, दोन दिवसांत विभागून ते खेळले गेले, ही बाब लक्षणीय आहे. एकीकडे धन्यासाठी सूड घेणारे सामुराई, तर दुसरीकडे छत्र्या बनवून पोट भरणारा, निष्ठेची चाड नसलेला इएमोन. शेजारच्या सधन घराला आपल्या नातीसाठी हा इएमोन हवा असतो. म्हणून त्याच्या बाळंतीण पत्नीला, ओइवाला, औषधाच्या नावाखाली विष पाठविले जाते. तिचा चेहरा विद्रूप होतो, विंचरताना केस झडतात आणि अखेर तिचा प्राण जातो. पुढे लग्नाच्या रात्रीच इएमोनला नव्या वधूच्या जागी ओइवा दिसते आणि त्याच्याच हातून वधू व तिचे आजोबा मारले जातात. ओइवाच्या सूडाला असा निश्चित पत्ता आहे. जिवंतपणी जिची दाद कोणी घेतली नाही, तिची फिर्याद रंगभूमीने ऐकली. योत्सुया भागात तिच्या नावाचे देवस्थान आहे. हे नाटक करण्यापूर्वी नटमंडळी तेथे दर्शनास जातात.

दुसरी कुचिसाके-ओन्ना, म्हणजे ‘तोंड फाटलेली बाई’. गिफू प्रांतात १९७८ च्या अखेरीस उठलेली ही अफवा १९७९ च्या उन्हाळ्यापर्यंत देशभर पसरली. तोंडावर मास्क लावलेली स्त्री वाटेत मुलाला विचारते, ‘मी सुंदर आहे का?’ होकार मिळताच ती मास्क काढून कानापर्यंत चिरलेले तोंड दाखविते. ‘पोमेड’ हा शब्द तीनदा उच्चारला की ती पळते, असा उतारा मुलांनीच शोधला होता. काही ठिकाणी मुलांना गटाने घरी पाठविण्यात आले. जून १९७९ मध्ये हिमेजी येथे तिचे सोंग घेऊन सुरी हाती फिरणाऱ्या एका स्त्रीला अटकही झाली.

या बाईला नाव नाही, घर नाही आणि मुलांनी तिचे काही बिघडविलेलेही नाही. फसलेली सौंदर्यशस्त्रक्रिया, मत्सरी नवरा अशी परस्परविसंगत कारणे तिला चिकटविली गेली. निष्कारण सूड ऐकणाऱ्यांनाही सोसवत नसावा, एवढे त्यावरून दिसते. तिच्यात अभ्यासाचा तगादा लावणारी आई पाहण्याचा मोह होतो. पण त्यास पुरावा तोकडा आहे. अफवेच्या मार्गाविषयी मात्र अधिक ठामपणे बोलता येते. जुकु, म्हणजे खाजगी शिकवणीवर्ग, येथे निरनिराळ्या शाळांची मुले एकत्र येत आणि अंधार पडल्यावर घरी परतत. कथा एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पोहोचण्यास ही वाट पुरेशी होती. शाळांना उन्हाळी सुटी लागली, मुलांच्या रोजच्या भेटी थांबल्या आणि ऑगस्टमध्ये अफवाही ओसरली.