चक्रीवादळाची 'झपाट्याने तीव्रता वाढणे' म्हणजे काय?

चक्रीवादळातील वाऱ्याचा कमाल सातत्यपूर्ण वेग २४ तासांत ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ कि.मी. किंवा त्याहून अधिक वाढला, तर हवामानशास्त्रात त्यास 'रॅपिड इंटेन्सिफिकेशन' म्हणतात.

कारणे : समुद्राचे पाणी २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उबदार व ही ऊब खोलवर असणे, हवेत भरपूर बाष्प असणे, तसेच खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत फारसा फरक नसणे. अरबी समुद्रात मॉन्सूनपूर्व काळात व मॉन्सूननंतर अशी स्थिती तयार होऊ शकते.

उदाहरण : 'तौक्ते' १४ मे २०२१ रोजी रात्री चक्रीवादळ बनले. कोकण किनाऱ्याला समांतर सरकत १७ मेच्या सकाळपर्यंत त्यातील वारे ताशी १८० ते १९० कि.मी.वर पोचले. रत्नागिरी, सिंधुदुर्गातील आंबा बागांचे मोठे नुकसान झाले.

शेतीसाठी महत्त्व : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की झाडावरील दाब चौपट होतो. वादळाच्या मार्गापेक्षा तीव्रतेचा अंदाज देणे अवघड असते. त्यामुळे 'तीव्र चक्रीवादळ' हा शब्द येण्याची वाट पाहू नये. २०२० मध्ये 'निसर्ग' १ जूनला डिप्रेशन होते. ३ जूनच्या दुपारी ते रायगड किनाऱ्यावर धडकले. हाती जेमतेम दोन दिवस होते.

डिप्रेशनची सूचना मिळताच :
- चौदा आणे तयार झालेला आंबा उतरवावा. काढलेला माल पक्क्या छताखाली हलवावा.
- केळीला बांबूचा आधार द्यावा. नारळाचे तयार व सुटण्याजोगे नारळ, सुकलेल्या झावळ्या काढाव्यात.
- शेडनेटचे कापड उतरवून ठेवावे. पाण्याचे चर मोकळे करावेत.
- फवारणी व खत देणे थांबवावे.
- जनावरे झाडाखाली किंवा कच्च्या गोठ्यात बांधू नयेत.

वादळानंतर : वारा अचानक थांबला, तरी लगेच बाहेर पडू नये, वादळाचा डोळा पुढे सरकल्यावर उलट दिशेने वारा सुटतो. कलंडलेली लहान कलमे मुळे सुकण्याआधी उभी करून मातीची भर द्यावी. मोडलेल्या फांद्या कापून जखमांवर १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी. साफसफाईपूर्वी नुकसानीचे फोटो काढून गावच्या महसूल व कृषी अधिकाऱ्यांना कळवावे.