एफएम ते डिजिटल: रेडिओवर आपल्या भाषेची जागा

आकाशवाणीचे इंदूर केंद्र 22 मे 1955 रोजी सुरू झाले. देशात एफएम आले 1977 साली, मद्रासला. रेडिओ मिर्चीने आपले पहिले केंद्र 4 ऑक्टोबर 2001 रोजी आपल्याच इंदुरात सुरू केले. आवाज स्वच्छ झाला, खरखर गेली. पण आपल्यासारख्या मराठी घरांचे त्यात थोडे नुकसानही झाले. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून लांबवर पोहोचतात. त्यामुळे दूरची मराठी केंद्रे माळव्यात रात्री खरखरत का होईना, लागत असत. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि शहराच्या आसपासच संपतात. शिवाय एका फ्रिक्वेन्सीवर एकच कार्यक्रम. जागा मोजक्या असल्या की ज्या भाषेचे श्रोते जास्त, तिचाच नंबर आधी लागतो.

डिजिटल प्रसारणाने सुटते ती नेमकी ही जागेची अडचण. अनेक वाहिन्यांचा आवाज आकड्यांत बदलून एकत्र पाठवतात आणि घरचा संच त्यातली हवी ती वाहिनी वेगळी काढतो. जुन्या संचाला हे जमत नाही, तिथेच खरी अडचण आहे.

या बदलाचा सर्वांत मोठा प्रयोग नॉर्वेने केला. तिथे डिजिटल रेडिओ 1 जून 1995 रोजीच सुरू झाला होता. डोंगर आणि खाड्यांच्या त्या देशात एफएमचे जाळे सांभाळणे फार खर्चाचे. 2011 मध्ये संसदेने एफएम बंद करण्याचे धोरण मान्य केले. 11 जानेवारी 2017 रोजी नूरलान प्रांतापासून सुरुवात झाली आणि 13 डिसेंबरला सुदूर उत्तरेतील राष्ट्रीय एफएमही थांबले. देशव्यापी वाहिन्या 5 होत्या, त्या 22 झाल्या. उत्तरेतल्या सामी लोकांची वाहिनी देशभर ऐकू येऊ लागली.

हे सारे आनंदाने झाले असे मात्र नाही. बंद होण्याआधीच्या एका पाहणीत सुमारे दोन तृतीयांश लोक विरोधात होते. लाखो मोटारींतले रेडिओ जुने होते आणि नवा संच श्रोत्याने स्वतःच्या खिशातून घ्यायचा होता. अनेक छोटी स्थानिक केंद्रे मात्र एफएमवरच राहिली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 31 डिसेंबर 2024 रोजी एफएम थांबवले, तेव्हा तिचे श्रोते लक्षणीय घटले. सरकार तारीख ठरवू शकते. संच कधी बदलायचा ते घरातली माणसे ठरवतात.

आपल्याकडे ट्रायने 2025 मध्ये खासगी केंद्रांसाठी शिफारशी केल्या. त्यांत एफएम बंद करण्याऐवजी त्याच फ्रिक्वेन्सीवर एफएम आणि डिजिटल दोन्ही चालवण्याचा शहाणा मार्ग आहे. एका जागेवर एक एफएम आणि तीन डिजिटल वाहिन्या बसतात. सुरुवात 13 मोठ्या शहरांतून व्हावी असे सुचवले आहे. त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद आहेत, इंदूर नाही.

आम्हाला यात निराशा वाटत नाही, सवड दिसते. जागा वाढली म्हणून ती आपोआप मराठीला मिळेल असे नाही. मागणारे श्रोते हवेत आणि ऐकवण्याजोगे काही हवे. आपल्या मंडळांत दरवर्षी कीर्तने, नाट्यपदे, व्याख्याने होतात आणि विसर्जनाबरोबर हवेत विरतात. ती नीट ध्वनिमुद्रित करून जपली, तर उद्या माळव्यात मराठी वाहिनी मागताना आपले हात रिकामे नसतील.