निवडून आलेला न्यायाधीश आणि वकिलाची तयारी

मागच्या व्याख्यानात आपण अथेन्सच्या न्यायसभेबद्दल बोललो. तिथे चिठ्ठ्या टाकून निवडलेले साधे नागरिक न्याय करायचे. आज त्याच्या शेजारचाच प्रश्न घेऊ. न्यायाधीश लोकांच्या मतांवर निवडून आला असेल, आणि तोही अगदी नुकताच, तर त्याच्यासमोर उभं राहणाऱ्या वकिलानं तयारी कशाची करायची? दाव्याची, की न्यायाधीशाची?

आपल्याकडे न्यायाधीश निवडणुकीनं होत नाहीत. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. तरीही नवे साहेब आले की बाररूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब कसे आहेत?" तारीख देतात का, कडक आहेत का, चिडतात का. यात गैर काही नाही. पण जिथे साहेब मतं मागून खुर्चीवर आलेले असतात, तिथे या प्रश्नाला एक शेपूट फुटतं. यांना मतं कुणी दिली? आणि पुढच्या वेळी कुणाची लागणार आहेत?

हे शेपूट कुठून आलं ते बघू. त्यासाठी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जाऊ या. तिथल्या १८१८ च्या राज्यघटनेप्रमाणे न्यायाधीश विधिमंडळ निवडत असे. परिणाम व्हायचा तोच झाला. १८४१ साली डेमोक्रॅटिक पक्षानं विधिमंडळातल्या बहुमताच्या जोरावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पाच नव्या जागा निर्माण केल्या आणि त्या आपल्या माणसांनी भरल्या. त्यातला एक होता स्टीफन डग्लस, वय वर्षं २७. व्हिग पक्षाच्या आमदारांनी निषेध नोंदवला. त्यात अब्राहम लिंकन होता.

आता गंमत बघा. न्यायाधीश लोकांनी निवडावा ही मागणी पुढे आली ती काही न्यायाधीशानं लोकांच्या मर्जीनं वागावं एवढ्यासाठी नव्हे. पुष्कळ सुधारकांचं म्हणणं उलट होतं. विधिमंडळाच्या आणि पक्षाच्या मुठीतून न्यायाधीश सोडवायचा असेल, तर त्याला स्वतःचं बळ हवं, आणि ते मतदारच देऊ शकतात. मिसिसिपीनं १८३२ मध्ये सगळे न्यायाधीश निवडणुकीनं नेमायला सुरुवात केली. न्यूयॉर्कनं १८४६ मध्ये तेच केलं, आणि मग राज्यामागून राज्य त्या वाटेनं गेलं. इलिनॉयची नवी घटना १८४८ ची. फ्रेंच विचारवंत तॉकव्हील यानं मात्र १८३५ मध्येच इशारा देऊन ठेवला होता, की न्यायाधीश मतदारांवर अवलंबून ठेवलात तर त्याचे वाईट परिणाम आज ना उद्या दिसतील. स्वातंत्र्य मिळावं म्हणून एकानं जो उपाय सुचवला, तोच दुसऱ्याला स्वातंत्र्यावरचं संकट वाटला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून तर हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

त्या नव्या घटनेखाली १८४८ मध्ये इलिनॉयच्या आठव्या सर्किटचा न्यायाधीश म्हणून डेव्हिड डेव्हिस निवडून आला. वय ३३, मुदत सहा वर्षांची. सर्किट म्हणजे फिरतं कोर्ट. चौदा काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे म्हणा. वसंतात एक फेरी, शरदात एक फेरी, आणि एका फेरीत ४०० मैलांहून जास्त प्रवास, घोड्यावर किंवा घोडागाडीत. न्यायाधीश आणि वकील एकत्र फिरायचे, एकाच खानावळीत जेवायचे आणि एकेका खाटेवर दोघं दोघं झोपायचे. डेव्हिसला खाट एकट्याला मिळायची, कारण त्याचं वजन पुढे १४० किलोच्या घरात गेलं.

१८४९ मध्ये लिंकन काँग्रेसची मुदत संपवून वकिलीकडे परतला आणि याच नव्या न्यायाधीशापुढे उभा राहू लागला. त्याची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. कोर्ट गावात पोचायचं, अशील तिथेच भेटायचा, आणि काही तासांत दावा पुकारला जायचा. वचनचिठ्ठीचे पैसे, शेताची हद्द, मेलेलं जनावर, असले दावे. आपल्याला ते किरकोळ वाटतात, पण त्या शेतकऱ्याचं वर्षाचं पोट त्यावर अवलंबून असायचं. ग्रंथ फार थोडे हाताशी. नव्या न्यायाधीशाचे जुने निकाल तर नाहीतच. बरं, हा न्यायाधीश लिंकनच्याच व्हिग पक्षाचा, रोजच्या उठण्याबसण्यातला. "साहेब कसे आहेत" हे लिंकनला कुणाला विचारायची गरजच नव्हती.

मग त्यानं तयारी कशाची केली? १८५० च्या सुमारास त्यानं वकिलीवरच्या एका व्याख्यानासाठी टिपणं काढली होती, ती उपलब्ध आहेत. त्यांचा आशय असा. आजचं काम उद्यावर टाकू नका. दाव्याची हकीकत हाती आली की फिर्याद लगेच लिहून काढा. कायद्याचा मुद्दा असेल तर आधार शोधा आणि त्या फिर्यादीवरच टिपून ठेवा, म्हणजे ऐनवेळी सापडेल. बचावाचंही तसंच. आयत्या वेळी बोलण्याचा सराव करा, पण नुसत्या वक्तृत्वावर विसंबू नका. आणि शक्य असेल तिथे लोकांना कोर्टाची पायरी चढूच देऊ नका, तडजोड करायला लावा. एवढं सगळं सांगितलं आहे. न्यायाधीशाचा स्वभाव कसा ओळखावा यावर मात्र त्यात काहीही नाही.

याच काळात, काँग्रेसमधून परतल्यावर, लिंकननं युक्लिडच्या भूमितीची सहा पुस्तकं अभ्यासली. हे त्यानं स्वतःच्या छोट्या आत्मवृत्तात नोंदवलं आहे. चाळिशीतल्या वकिलाला भूमिती कशाला? माझा तर्क असा आहे, की सिद्ध करणं म्हणजे काय हे त्याला मुळापासून समजून घ्यायचं होतं. युक्लिडचं प्रमेय कोण तपासतो आहे यावर अवलंबून नसतं. तपासणारा व्हिग असो की डेमोक्रॅट, पायऱ्या त्याच.

अ‍ॅरिस्टॉटलनं 'ऱ्हेटोरिक'च्या सुरुवातीलाच भाषणकला शिकवणाऱ्यांवर टीका केली आहे. न्याय करणाऱ्याच्या राग, दया, असूया अशा भावना चाळवायला ते शिकवतात, म्हणून. ज्या पट्टीनं मोजायचं तीच आधी वाकवण्यासारखं हे आहे, असं तो म्हणतो. वाकड्या पट्टीनं आज माप आपल्या बाजूनं येईल. पण उद्या तीच पट्टी आपल्याला लागणार असते.

आता या चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. डेव्हिस आणि लिंकन इतके जवळचे होते, की डेव्हिस गैरहजर असला तर कित्येकदा लिंकनलाच खुर्चीवर बसवायचा. १८६० मध्ये शिकागोच्या अधिवेशनात लिंकनला अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवून देण्याची सूत्रं डेव्हिसनं हलवली, आणि तेव्हा तो न्यायाधीश होता. १८६२ मध्ये लिंकननं त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. समोरच्या पक्षकाराला हे पाहून काय वाटलं असेल? म्हणजे न्यायाधीशाकडे बघायचंच नाही, असं म्हणून चालत नाही. वेस्ट व्हर्जिनियातलं अलीकडचं उदाहरण घ्या. पाच कोटी डॉलरचा निकाल विरोधात गेलेल्या एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या बाजूनं सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार निवडून आला, अपील ऐकायला बसला, आणि निकाल कंपनीच्या बाजूनं फिरला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की त्या न्यायाधीशानं बाजूला व्हायला हवं होतं. अशा वेळी मतं कुणाच्या पैशानं आली हे शोधणं वकिलाचं कर्तव्यच ठरतं. पण ते शोधून करायचं काय, तर उघड कोर्टात अर्ज द्यायचा. मर्जी सांभाळायला त्या माहितीचा उपयोग करणं वेगळं, आणि पट्टी वाकली आहे हे सगळ्यांसमोर दाखवणं वेगळं.

डेव्हिसचं पुढे काय झालं? यादवी युद्धाच्या काळात इंडियानातल्या मिलिगन नावाच्या नागरिकाला लष्करी न्यायमंडळानं फाशी सुनावली होती. लिंकनच्याच राजवटीत. १८६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा बेकायदा ठरवली. साधी न्यायालयं उघडी असताना सामान्य नागरिकावर लष्करी खटला चालवता येणार नाही, हा निकाल लिहिला डेव्हिसनं. लिंकनचा खून होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

आता विचार करा. इलिनॉयच्या मतदारांनी डेव्हिसला तीनदा निवडून दिलं, पुढची नेमणूक मित्रानं केली, पक्ष ठाऊक होता, स्वभाव ठाऊक होता. नुसती माणसाची माहिती काढणाऱ्या वकिलानं मिलिगनची बाजू हरलेलीच मानली असती. त्याच्या वकिलांनी राज्यघटना उघडली आणि युक्तिवाद केला.

पुढच्या व्याख्यानात ज्युरीकडे वळू. प्रश्न असतील तर आता घेऊ.