डुकरांचा खोकला आणि मानमोडीची साथ

१९१८ सालची मानमोडीची साथ आपल्या खेड्यापाड्यांतून अजून सांगितली जाते. मुंबई बंदरातून ती आत शिरली आणि हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. शाळेच्या पुस्तकात मात्र १९१८ म्हणजे महायुद्ध संपले, एवढेच. त्याच साथीचा एक धागा डुकरांच्या गोठ्यातून जातो. तो आज सांगावयाचा आहे.

अमेरिकेतील आयोवा हा मक्याचा आणि डुकरांचा प्रांत. १९१८ च्या शरद ऋतूत तिथल्या कळपांत एक नवाच आजार दिसू लागला. काल धडधाकट असलेला कळप आज सगळाच्या सगळा आडवा. अंगात ताप, नाक वाहते, खोकल्याची ढास, आणि श्वास घेताना पोट भात्यासारखे हलते. बहुतेक जनावरे आठवड्याच्या आत उठून बसत. मरत ती थोडी. पण खाणे सुटल्यामुळे वजन उतरे आणि शेतकऱ्याचे नुकसान होई.

सरकारी पशुखात्यात जे. एस. कोएन नावाचे एक निरीक्षक होते. माणसे ज्या रोगाने पडली आहेत तोच हा रोग, असे ते म्हणू लागले. घरात साथ आणि पाठोपाठ गोठ्यात साथ, कधी आधी गोठ्यात आणि मग घरात, असे त्यांनी पाहिले होते. हे बोलणे पुष्कळांना रुचले नाही. लोक डुकराचे मांस खायचे बंद करतील, ही धास्ती होती. कोएन मात्र आपल्या निदानापासून हटले नाहीत. प्रयोगशाळेचे पाठबळ नसताना, नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर इतके ठाम राहणे सोपे नव्हे.

पुरावा मिळायला बारातेरा वर्षे लागली. तो मिळवला आयोवातच जन्मलेल्या रिचर्ड शोप या तरुण डॉक्टराने. आजारी डुकरांच्या श्वासनळीतील स्राव त्यांनी इतक्या बारीक गाळणीतून गाळला की तीतून साधा जंतू पलीकडे जाऊ नये. हा गाळीव द्रव निरोगी डुकराच्या नाकात घातला, तर किरकोळ आजार झाला. आजारी डुकरांत सापडणारा जंतू एकटा दिला, तर काहीच झाले नाही. दोन्ही मिळून दिले, तेव्हा गोठ्यात दिसणारा तो पुरा आजार उभा राहिला. १९३१ साली हे प्रसिद्ध झाले. गाळणीतून निसटणारा तो विषाणू. दोनच वर्षांनी, १९३३ साली, लंडनच्या संशोधकांनी माणसाच्या इन्फ्ल्युएन्झाचा विषाणूही शोधून काढला.

आता बघा, या जोडगोळीत गोठ्याची सारी व्यवस्था आली. विषाणू दार उघडतो आणि जंतू आत शिरतो. विषाणूवर पेनिसिलिनसारखी औषधे चालत नाहीत. मागून येणाऱ्या जंतूंवर चालतात, तीही पशुवैद्याने सांगितली तरच द्यावीत. खरे काम आधीचे. विकत आणलेले जनावर तीनचार आठवडे वेगळे बांधावे. दाटी करू नये. अंथरूण कोरडे असावे. हवा खेळती हवी, पण थंड झोत थेट पिलांच्या अंगावर नको. गोठ्यात शिरताच मुताच्या वासाने आपले डोळे चुरचुरले, तर डुकराच्या श्वासनळीला दिवसरात्र तोच जाच होतो आहे, असे समजावे. एक तुकडी पुरती विकली की गोठा धुऊन, वाळवून, काही दिवस रिकामा ठेवावा आणि मगच दुसरी आणावी.

शोप यांचे आणखी एक काम मला फार मोलाचे वाटते. १९३६ साली त्यांनी दाखवले की प्रौढ माणसांच्या रक्तात डुकराच्या विषाणूला निष्प्रभ करणारी शक्ती असते, लहान मुलांच्या रक्तात ती नसते. म्हणजे मोठ्यांना तो, किंवा त्याचा सख्खा भाऊ, पूर्वी कधीतरी भेटलेला होता. १९१८ नंतर बऱ्याच काळाने जन्मलेल्या मुलांना भेटला नव्हता. तेव्हा हा रोग माणसाकडूनच डुकराकडे गेला असावा, असे बहुतेक जाणकार मानतात.

असे असून नाव पडले ते डुकराचे. २००९ साली मेक्सिकोत नवी साथ उठली आणि त्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला, तेव्हा आपल्याकडेही ‘स्वाइन फ्लू’ हा शब्द घरोघरी पोचला. त्या विषाणूचे मूळ डुकरांतल्या विषाणूंत होते हे खरे. पण साथ पसरली ती माणसाकडून माणसाकडे. नीट शिजवलेल्या मांसातून तो येत नाही. तरी इजिप्तने आपल्याकडची सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला. त्यांच्यात रोग आढळलाही नव्हता. पोट भरण्याचे साधन गेले ते तिथल्या गरीब कचरा वेचणाऱ्यांचे.

पुढे अनेक देशांत तोच विषाणू माणसांकडून डुकरांकडे गेल्याचे आढळले. म्हणून सर्दीतापाने पडलेल्या गड्याला बरा होईपर्यंत गोठ्यात धाडू नये. आणि गोठ्यातच खोकला सुरू असेल, तर आत जाणाऱ्याने नाकातोंडावर फडके बांधावे, बाहेर येताच साबणाने हात धुवावेत, जनावरे बाजारात नेऊ नयेत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी वर्दी द्यावी.